गोरेपण ब्लॉकवर : साबणाच्या जुन्या जाहिरातींच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

१० फेब्रुवारी २०२५ : व्याप्ती आणि माल

काम ठरलं ते असं : १९३० ते १९६४ या काळातल्या मराठी मासिकांमधून बायकांना उद्देशून केलेल्या साबणाच्या जाहिराती गोळा करायच्या, स्कॅन करायच्या, प्रत्येकीचा काळ ठरवायचा आणि निवडक जाहिरातींचं प्रदर्शन मांडायचं. शोधायचं ते हे की बाईचा चेहरा छपाईच्या ब्लॉकवर, म्हणजे धातूच्या ठशावर, गोरा केला का. सुरुवात १९३० पासून, कारण किर्लोस्करांचं ‘स्त्री’ त्या वर्षी निघालं आणि बाईला थेट गिऱ्हाईक म्हणून हाक मारणारी पानं त्यानंतर सलग मिळतात. शेवट १९६४ ला का, ते हक्कांच्या नोंदीत येईल.

ग्रंथालयांतले बांधीव खंड या कामाला अर्धेच उपयोगी. बांधणीला देताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि सुरुवातीची-शेवटची जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत सर्रास होती. शिवाय बाइंडर कडा कापतो, आणि कंपनीचं नाव, पत्ता, जाहिरातीचा बारीक क्रमांक हे सगळं नेमकं कडेलाच असतं. म्हणून भर सुट्या अंकांवर : इतवारीतली रद्दी, महाल आणि धरमपेठेतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरचे गठ्ठे. ‘स्त्री’, ‘किर्लोस्कर’, ‘मनोहर’ आणि मिळतील ते दिवाळी अंक. दिवाळी अंकांत जाहिरातींच्या पानांना वेगळे आकडे असतात किंवा मुळीच नसतात, त्यामुळे नोंद करताना पान क्रमांकाऐवजी ‘अमक्या पानासमोर’ असं लिहायचं.

वर्गवारी दोनच : अंगाचा साबण आणि कपड्याचा साबण. स्नो, पावडर, केशतेल बाजूला. ‘सनलाइट’ किंवा ‘५०१’ या कपड्याच्या साबणांच्या जाहिरातीत बाई असते, पण तिथे तिचे हात आणि तिचं घर विकलं जातं, चेहरा नव्हे. तुलनेसाठी तेवढ्या थोड्या ठेवल्या आहेत.

१२ फेब्रुवारी : कसर

माळ्यावरचा कुठलाही गठ्ठा थेट कामाच्या टेबलावर येणार नाही. कसर, झुरळांची अंडी आणि वाळवीची माती घेऊनच तो येतो. आधी अंगणात मऊ ब्रशने झाडायचा, मग जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करायचा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांखाली आठवडाभर ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. थंड कागदावर दमट हवा बसली की पाणी सुटतं आणि शाई पसरते. फ्रीझरने अंडी मरतात, पण गठ्ठा पुन्हा त्याच माळ्यावर गेला की नवी कसर लागणारच. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या आहेत, कागदाला टेकणार नाहीत अशा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.

१७ फेब्रुवारी : पिना आणि घड्या

अंकांच्या तारेच्या पिना गंजल्या आहेत. पिन काढायच्या चिमट्याने ओढली की गंजलेलं टोक तुटतं आणि मधली दोन पानं फाटतात. पद्धत : अंक मधोमध उघडा, पिनेच्या वळवलेल्या पायांखाली पॉलिएस्टर फिल्मची पट्टी सरकवा, पातळ स्पॅच्युल्याने पाय सरळ करा, मग अंक उलटा करून पाठीकडून पिन वर उचला. गंजाची पूड ब्रशने झाडायची, ओल्या कापसाने पुसायची नाही. स्कॅन झाल्यावर त्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवायचं. नवीन पिन मारायची नाही.

घडी पडून कडक झालेली पानं हाताने उलगडली की घडीवर तुकडा पडतो. त्यांना दमटपणा द्यावा लागतो : झाकणाच्या ट्रेमध्ये तळाला ओला करून निथळवलेला टीपकागद, त्यावर नायलॉनची जाळी, जाळीवर पान. न्यूजप्रिंटला अर्धा-पाऊण तास पुरतो. मग दोन कोरड्या टीपकागदांत काचेखाली रात्रभर. हे फक्त साध्या कागदासाठी. चकचकीत आर्टपेपरवर मातीचा लेप असतो, तो ओलाव्याने चिकट होतो आणि दोन पानं एकमेकांना कायमची चिकटतात. रंगीत मलपृष्ठ असेल तर आधी कोपऱ्यावरच्या लाल शाईला ओलसर कापसाच्या काडीने टेकून पाहायचं. काडी गुलाबी झाली तर दमटपणा रद्द.

सेलोटेप लावलेली कात्रणं आहेत तशीच स्कॅन करायची. टेपचा पिवळा डिंक कागदात मुरलेला असतो. टेप निघते ती छपाईचा वरचा थर घेऊनच.

२१ फेब्रुवारी : स्कॅनर कसा लावायचा

या प्रकल्पाचा अर्धा जीव इथे आहे, म्हणून सविस्तर.

स्कॅनर सीसीडी प्रकारचा हवा. स्वस्त, चपटे सीआयएस स्कॅनर काचेला टेकलेलंच नीट टिपतात. घडीजवळ कागद दोन मिलिमीटर उचलला तरी तिथली अक्षरं धूसर होतात.

काळ्या-पांढऱ्या जाहिरातीसुद्धा २४ बिट रंगीतच स्कॅन करायच्या. कागदाचा पिवळेपणा, गंजाचा डाग आणि शाईचा काळा रंग वेगळे राहिले तरच पुढे मोजमाप करता येतं. पानामागे काळं कार्ड ठेवायचं, म्हणजे पाठीमागचा मजकूर पारदर्शून दिसत नाही. पांढरा कागद ठेवला तर तो मजकूर गालावर डागासारखा उमटतो आणि नंतर कुणीतरी तो ‘साफ’ करायला बसतं.

न्यूजप्रिंटला ६०० डीपीआय (इंचाला तेवढे पिक्सेल), आर्टपेपरला १२००. याचं कारण छपाईच्या जाळीत आहे. हाफटोन ब्लॉकमध्ये फोटो लहान-मोठ्या ठिपक्यांत फोडलेला असतो; त्या ठिपक्यांची जाळी साध्या कागदावर इंचाला साधारण ५५ ते ६५ ओळी असते, चांगल्या आर्टपेपरवर १०० ते १३३. ६५ च्या जाळीतला एक ठिपका ६०० डीपीआयला सुमारे ९ पिक्सेलचा होतो, मोजायला पुरेसा. १२० ची जाळी त्याच रिझोल्यूशनला पाचच पिक्सेल देते आणि ठिपक्याचा आकार हरवतो. ए-फोर पानाची टिफ फाइल ६०० ला सुमारे १०० एमबी होते आणि १२०० ला ४०० एमबीच्या पुढे जाते. डिस्क लागते, इलाज नाही.

बंद ठेवायच्या गोष्टी : ऑटो एक्स्पोजर, ऑटो कलर, शार्पनिंग, डीस्क्रीन (छपाईची जाळी पुसणारी सोय), डस्ट रिमूव्हल. शेवटची सर्वांत घातक. ती धूळ ओळखते म्हणजे एकटा-दुकटा काळा ठिपका ओळखते, आणि उजळ गालावरचे बारीक हाफटोन ठिपके तिच्या लेखी धूळच. ऑटो एक्स्पोजरही पिवळा कागद पांढरा करण्याच्या नादात चेहऱ्याचे हलके ठिपके उडवतो. थोडक्यात, १९५० च्या ब्लॉकमेकरने जे केलं तेच यंत्र आज पुन्हा करतं, आणि मग मूळ गोरेपण कुणी केलं ते कळायला मार्ग उरत नाही.

डीस्क्रीन केलेली जेपेग प्रत वेगळी काढायची, ती फक्त दाखवायला. मूळ टिफला हात नाही.

कात्रणाची पाठही स्कॅन करायची, नेहमी. का ते पुढे.

२४ फेब्रुवारी : फाइलींची नावं

मासिक-वर्ष-महिना-स्थान-बाजू, या क्रमाने. वर्ष माहीत नसेल तर ‘००००’ लिहायचं, अंदाज नावात घुसवायचा नाही. नाव बदललं की जुने सगळे दुवे तुटतात. तीन प्रती, त्यांतली एक इमारतीबाहेर. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली नाही ना हे तपासायचा आकडा, यादीत.

१ मार्च : काळ ठरवणं

सुट्या कात्रणावर तारीख नसते. पण जाहिरात स्वतःबद्दल बरंच सांगते.

किंमत. आण्यांत असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीची, त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४; १ जून १९६४ पासून ‘नये’ गेलं. दोन्ही छापलेलं असेल तर बदलाच्या सुरुवातीचा काळ. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, त्यामुळे विचित्र किंमत दिसली तर आण्यांत उलटी करून पाहायची.

पत्ता. ही खूण विदर्भाच्या कात्रणांवर सर्वांत कामाची. स्थानिक विक्रेत्याच्या ओळीत किंवा रबरी शिक्क्यात नागपूरपुढे ‘सी. पी.’ असेल तर मध्यप्रांत-वऱ्हाडाचा काळ. ‘म. प्र.’ असेल तर २६ जानेवारी १९५० नंतरचा, जेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. ‘मुंबई राज्य’ म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०. त्यानंतर ‘महाराष्ट्र’. एकाच दुकानाने जागा न सोडता चार पत्ते वापरले, असं पुण्या-मुंबईच्या कात्रणांत सापडत नाही.

कंपनीचं नाव. लीव्हर ब्रदर्स (इंडिया) १९३३ पासून, हिंदुस्तान लीव्हर १९५६ पासून.

लेखन. ‘कांहीं’, ‘नांव’, ‘येथें’ असे अनुस्वार असतील तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची असण्याची शक्यता जास्त. एवढंच. छापखाने एका रात्रीत बदलले नाहीत.

वजन-माप. तोळे-औंस जाऊन ग्रॅम आले ते १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने.

चित्रपट. नटीच्या फोटोखाली चित्रपटाचं नाव असेल तर प्रदर्शनाचं वर्ष मिळतं, पण चित्रपट तयार होत असतानाच त्याचं नाव छापण्याची रीत होती, म्हणून एक-दोन वर्षं अलीकडे-पलीकडे धरायची.

यात पाळायचा नियम एकच : नवी खूण ‘याच्या आधीची नाही’ एवढं पक्कं सांगते, जुनी खूण ‘याच्या नंतरची नाही’ असं सांगत नाही. जुना ब्लॉक, जुना शिक्का, जुनं पॅड वर्षानुवर्षं वापरात राहतं. ‘म. प्र.’ चा शिक्का १९५८ सालीही कुणी मारला असेल, पण १९४८ साली मारणं शक्य नव्हतं.

आता पाठ. जाहिरात एकच सहा महिने फिरते, पण तिच्या पाठीवरचा मजकूर त्याच अंकाचा असतो. क्रमशः कादंबरीचा हप्ता, वाचकांची पत्रं, ‘पुढील अंकी’ची चौकट, पाककृतीतली हंगामी भाजी. कात्रणाचा नेमका महिना पुष्कळदा तिथेच लागतो.

६ मार्च : मजकूर उतरवणं

छापील अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या संगणक प्रणालीचं मराठी मॉडेल १९५० नंतरच्या स्वच्छ छपाईला बरं चालतं. खिळे झिजलेल्या छपाईत मात्रा आणि रफार गळतात. हाताने काढलेली शीर्षकं त्याला अजिबात लागत नाहीत, आणि जाहिरातीचं शीर्षक बहुधा हाताने काढलेलंच असतं. म्हणून ठळक ओळी हाताने टंकायच्या, बारीक मजकूर यंत्राने काढून तपासायचा.

एक गंमत : किर्लोस्करांच्या मासिकांनी काही काळ सावरकरी लिपी चालवली. संपादकीय मजकुरात ‘अि’, ‘अु’, ‘अे’, आणि त्याच पानावरच्या साबणाच्या जाहिरातीत साधे ‘इ’, ‘उ’, ‘ए’. जाहिरात छापखान्यात जुळवलेली नाही, ती तयार ब्लॉक म्हणून बाहेरून आली, हे याहून सोप्या रीतीने कळत नाही. नोंदीत दोन रकाने : एकात जसंच्या तसं, दुसऱ्यात आजच्या लेखनात. शोध दुसऱ्यात चालतो.

११ मार्च : बाईकडे कोण बघतंय

प्रत्येक जाहिरातीला तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची ठरली : चित्रात बाईकडे कोण बघतंय, तिची अडचण काय सांगितली आहे, आणि पुरावा म्हणून कोण उभं आहे. ‘सौंदर्य’, ‘आधुनिक’, ‘पारंपरिक’ असल्या खुणा लावून काही हाती लागत नाही, सगळीच कात्रणं त्या खुणांत बसतात. ‘बघणारं कोण’ विचारलं की गठ्ठे आपोआप वेगळे होतात.

नवरा, दिराचा मित्र किंवा लग्नघरातली मंडळी बघतात त्या जाहिरातींचं मूळ अमेरिकेत आहे. वुडबरी साबणासाठी जे. वॉल्टर थॉम्पसन एजन्सीत हेलन लॅन्सडाउन यांनी १९११ च्या सुमारास केलेली मोहीम हे त्याचं ठळक उदाहरण. हात लावावासा वाटेल अशी त्वचा, असा तिचा सूर होता. साबणाने मळ निघतो हे त्यात दुय्यम झालं, आणि स्वच्छतेची परीक्षा दुसऱ्याच्या नजरेकडे गेली. पामोलिव्हने १९२० च्या दशकात त्यात वयाची भीती घातली : शाळकरी मुलीसारखी कांती टिकवा. आमच्या गठ्ठ्यातल्या चित्रमालिकांत हाच साचा नऊवारी-पाचवारीत येतो. पहिल्या चौकटीत उदास सून, दुसरीत मैत्रिणीचा सल्ला, तिसरीत आंघोळ, चौथीत नवरा वळून बघतो. मधला काळ सहसा दोन आठवड्यांचा.

नटी बघते, म्हणजे कागदातून वाचणारीकडे बघते, त्या लक्सच्या. लक्स भारतात १९२९ मध्ये आला. अमेरिकेत दहापैकी नऊ नट्या हाच साबण वापरतात असा दावा तेव्हा जोरात होता आणि सुरुवातीचे चेहरे हॉलिवूडचे होते. १९४१ मध्ये लीला चिटणीस आल्या; लक्सच्या जाहिरातीतली ती पहिली भारतीय नटी. निवड हुशारीची होती. ‘कंगन’ आणि ‘बंधन’ नुकतेच गाजले होते, आणि त्या पदवीधर, मराठी मध्यमवर्गीय घरातल्या. सिनेमावाली म्हणून नाक मुरडणाऱ्या घरातही तो चेहरा चालण्यासारखा होता.

देश बघतो त्या स्वदेशी साबणांच्या. इथे आणखी एक गोष्ट आहे जी परदेशी जाहिरातींत सापडणार नाही : चरबी. विलायती साबणात प्राण्यांची चरबी, म्हणून सोवळ्यात तो चालेना. घरात डाळीचं पीठ, शिकेकाई, रिठा, उटणं होतंच. अर्देशीर गोदरेज यांनी निव्वळ वनस्पती तेलांचा साबण काढला तो या अडचणीचं नेमकं उत्तर म्हणून. ‘नंबर वन’ १९२२ चा, आणि ‘नंबर टू’ त्याच्या आधी बाजारात आला होता. गोदरेजच्या साबणाची शिफारस करणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूर होते. म्हणजे इथे पुरावा म्हणून नटी नाही, कवी उभा आहे. म्हैसूर संस्थानचा चंदनाचा साबण (कारखाना १९१८), टाटा ऑइल मिल्सचा हमाम (१९३१) याच फळीतले. पण १९४० नंतरची यांची पानं पाहिली तर शुद्धता बारीक अक्षरांत खाली जाते आणि वर उजळ चेहरा येतो. साबण देशी, चेहऱ्याचा साचा लक्सचा.

आई बघते त्या लाइफबॉयच्या. तिथे अडचण मळ आणि जंतू, रूप नाही. अंगाच्या साबणांत बाईला चेहऱ्याने न मोजणारा हा एकच ठळक गठ्ठा आहे, आणि तो मुलांच्या निमित्ताने.

१८ मार्च : गालावरचे ठिपके

साधनं : दहापट भिंग, त्यात मिलिमीटरची पट्टी असलेलं, टेबल लॅम्प, १२०० डीपीआयचे स्कॅन.

पहिलं काम जाळी मोजणं. ६५ ची जाळी असेल तर १ सेंटिमीटरमध्ये २५-२६ ठिपके यायला हवेत. पट्टी आडवी धरून मोजलं तर १८ च येतात, कारण जाळी ४५ अंशांत तिरकी असते आणि आडव्या रेषेवर ठिपके लांब लांब पडतात. पट्टी तिरपी, ठिपक्यांच्या ओळीवर धरायची.

दुसरं काम उजळ भाग पाहणं. कॅमेऱ्यातून जाळी लावून ब्लॉक केला की सर्वांत उजळ जागीही बारीकसा ठिपका राहतोच. फोटोतलं पांढरं हाफटोनमध्ये कोरं येत नाही, हलकं राखाडी येतं. त्यामुळे एखाद्या जागी ठिपकाच नसेल तर तो कुणीतरी काढलेला असतो : निगेटिव्हवर रंग भरून, आम्लात ती जागा जास्त खाऊन, किंवा तयार धातूवर कोरून.

साबणाच्या क्लोजअपमध्ये भिंग फिरवत न्यावं. मागच्या पडद्यावर ठिपके आहेत. साडीच्या पांढऱ्या पदरावर आहेत. साबणाच्या पांढऱ्या वडीवर आहेत. कपाळ, नाकाचा दांडा, गाल, हनुवटी इथे नाहीत, कोरा कागद. साबणाच्या वडीपेक्षा बाई जास्त पांढरी. हे एका कात्रणाचं वर्णन नाही, १९४५ नंतरच्या अनेक क्लोजअपमध्ये हाच क्रम दिसतो.

काढण्याची पद्धत कडेवरून ओळखता येते. ठिपके हळूहळू बारीक होत विरले तर आम्लाचं किंवा एक्स्पोजरचं काम. जबड्याच्या रेषेवर अर्धे ठिपके कापल्यासारखे तुटले तर रंग भरलेला किंवा कोरलेलं. कोरीव कामात घाई झाली की कान सुटतो. त्याहून जास्त सुटतो तो हात. गालाला टेकवलेल्या हाताच्या बोटांवर पूर्ण ठिपके आणि गाल कोरा, म्हणजे एकाच बाईचे दोन वर्ण चार मिलिमीटरच्या अंतरात.

आकड्यांत हवं असेल तर : स्कॅनमध्ये त्याच पानाचा कोरा समास पांढरा आणि चौकटीची जाड रेघ काळी धरून मर्यादा लावायच्या, मग गाल, हात, पदर, मागची भिंत यांचे २०० बाय २०० पिक्सेलचे तुकडे घेऊन काळ्या पिक्सेलचं प्रमाण काढायचं. तुलना फक्त त्याच पानात. न्यूजप्रिंटवर शाई पसरून ठिपका फुगतो, आणि किती फुगतो ते कागद, शाई, दाब यांवर ठरतं; दोन मासिकांतले आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष हमखास चुकतो.

फसवणाऱ्या गोष्टी तीन. एक, ब्लॉकखाली कागद लावून उंची नीट केली नसेल तर मधला भाग छापलाच जात नाही. तिथली कोरी जागा ओबडधोबड असते आणि नाक-डोळ्यांच्या रेषेला जुमानत नाही; त्याच अंकाची दुसरी प्रत पाहिली की उलगडा होतो. दोन, स्टुडिओतला समोरचा प्रखर दिवा. तो हातालाही उजळ करतो, म्हणून हात तपासायचा. तीन, फिल्म. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नाही, त्यामुळे गव्हाळ त्वचा आहे त्याहून काळी येते आणि ओठ काळे पडतात. सगळे रंग टिपणारी पॅन्क्रोमॅटिक आल्यावर हा दोष गेला. तेव्हा १९३० च्या दशकातल्या फोटोवर थोडं उजळणं म्हणजे फिल्मने केलेली चूक दुरुस्त करणं असू शकतं. पण दुरुस्ती करणारा ठिपके कमी करून थांबतो, पुसून टाकत नाही.

२४ मार्च : रेखाटन

लाइन ब्लॉकमध्ये ठिपकेच नसतात. रेघ किंवा कोरा कागद. केस काळे भरलेले, काठावर नक्षी, आणि त्वचा म्हणजे न छापलेली जागा. इथे गोरं करायला काही करावंच लागत नाही, सावळं दाखवायचं तरच कष्ट : तिरप्या रेघा किंवा तयार ठिपक्यांची छटा. ते कष्ट चित्रकार कुठे घेतो ते टिपायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत अशा रेघा सापडल्या त्या चित्रमालिकेच्या पहिल्या चौकटीतल्या उदास बाईवर, मोलकरणीवर आणि आरशावर. शेवटच्या चौकटीतल्या बाईवर एकही नाही.

पेअर्सच्या १८८० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या जाहिरातीत काळं मूल टबात बुडवून अंगाने पांढरं बाहेर काढलेलं आहे. साम्राज्याची ती उघड भाषा आमच्या गठ्ठ्यात कुठेही नाही. पहिल्या आणि चौथ्या चौकटीतल्या रेघा मोजल्या की युक्तिवाद मात्र तोच निघतो.

२ एप्रिल : कूलर

उन्हाळा लागला. दुपारी खोलीतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते. न्यूजप्रिंट कडकडीत होतं, कोपरे नुसत्या हाताळण्याने तुटतात, पानं स्कॅनरवर गुंडाळी घेतात. कोरड्या हवेत पॉलिएस्टर फिल्मवर स्थिर वीज चढते आणि सुटलेले कागदाचे कण तिला चिकटून येतात.

म्हणून कूलर लावावा तर दुसरं संकट. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा तासाभरात आर्द्रता ६०-७० पर्यंत नेते, वीज गेली की ती पुन्हा खाली. कागदाला कोरडेपणापेक्षा ही वरखाली जास्त मारते. कूलर बाहेरची धूळही आत ओढतो. तोडगा : कूलर शेजारच्या खोलीत, कागद आतल्या, जाड भिंतींच्या, उत्तरेकडच्या खोलीत झाकणाच्या पेट्यांमध्ये. एका वेळी एकच अंक बाहेर. हाताळणी सकाळी अकराच्या आत. दुपारी संगणकावरचं काम. सगळी मूळ पानं नवतप्याच्या (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आधी पेट्यांत परत गेली पाहिजेत.

पेट्यांतली मांडणी : प्रत्येक कात्रणामागे आम्ल शोषणारा अल्कधर्मी बफर कागद, मग पॉलिएस्टरची बाही, दोन कडा उघड्या. आम्लधर्मी कागद एकटाच फिल्ममध्ये बंद केला तर त्याचं आम्ल आतच कोंडतं आणि तो उलट लवकर पिवळा पडतो. पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये कात्रण ठेवू नये, शाई प्लास्टिकला चिकटते. लॅमिनेशनचं तर नावच नको.

९ एप्रिल : प्रदर्शनाची छपाई

मूळ कात्रणं थोडीच मांडायची, काचेखाली, ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचं माप) कमी प्रकाशात. (लक्सच्या जाहिरातींनाही पन्नासच.) बाकी सगळ्या प्रती.

मुख्य फलक गालाचा. चेहऱ्याचा तुकडा आठपट मोठा, शेजारी त्याच जाहिरातीतला हात आणि साबणाची वडी, तेवढेच मोठे. ६५ च्या जाळीचे ठिपके आठपटीत तीन मिलिमीटरच्या अंतराने पडतात, दोन-तीन पावलांवरून सहज दिसतात. यासाठी २४०० डीपीआयचा वेगळा स्कॅन लागतो. ६०० च्या स्कॅनला आठपट केलं तर छपाईला ७५ पिक्सेल उरतात आणि ठिपक्यांच्या पायऱ्या दिसतात.

छापखान्याला लिहून द्यायचं : पार्श्वभूमी पांढरी करू नका, शार्प करू नका, कॉन्ट्रास्ट वाढवू नका. मॅट कागद. ‘साहेब, जरा उजळ करून देतो’ हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं, म्हणून प्रूफवर भिंगाने ठिपके पाहिल्याशिवाय पुढची छपाई नाही. फलक पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर, वर दोन छिद्रं पाडून दोरीने टांगायचे. एप्रिलच्या उष्णतेत दुहेरी टेप भिंतीवर टिकत नाही.

१५ एप्रिल : हक्क आणि मथळे

निनावी प्रकाशित साहित्य आणि निनावी फोटो यांचा स्वामित्वहक्क भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६४ अखेरपर्यंत छापलेलं ३१ डिसेंबर २०२४ ला मोकळं झालं, म्हणून आमची सीमा १९६४. अपवाद : चित्रावर चित्रकाराची ओळखू येणारी सही असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ती कात्रणं वेगळ्या यादीत. साबणांची नावं आजही व्यापारचिन्हं आहेत. फलकावर ती जाहिरातीचा भाग म्हणून येतील, प्रदर्शनाच्या निमंत्रणावर किंवा शीर्षकात नाहीत.

मथळ्यात दावा पुन्हा सांगायचा नाही. ‘त्वचेचं पोषण करणारा साबण’ असं लिहिलं की अवतरणचिन्हं असूनही वाचणारा ते खरं धरतो. त्याऐवजी : जाहिरातीचा दावा एका ओळीत, आणि खाली साबण काय करतो ते. साबण हा मेदाम्लाचा क्षार. पाण्यात त्याचा सामू ९ ते १० च्या आसपास, त्वचेचा साधारण साडेचार ते साडेपाच. तो तेल-मळ सोडवून पाण्याबरोबर नेतो. वर्ण बदलत नाही.

काळाचा मथळा ‘१९५२’ असा एकाकी द्यायचा नाही. ‘१९५० नंतर, शिक्क्यात म. प्र.’ असा, कारणासकट.

राहिलेलं काम : रंगीत मलपृष्ठांची तीन-चार रंगी जाळी अजून पाहिलेली नाही. तिथे गालावर पिवळा आणि लाल ठिपका किती, निळा-काळा काढला आहे का, हे प्रत्येक शाईची जाळी वेगळ्या कोनात असल्यामुळे स्वतंत्र मोजावं लागेल. मलपृष्ठांच्या दुसऱ्या प्रतींसाठी इतवारीत सांगून ठेवलं आहे. रद्दीवाल्यांनी मुखपृष्ठं फाडून वेगळी विकू नयेत, अंकाचा भाव मिळेल.